दोन ठोके

आबांनी मेलेल्या राजाचं नाव सलग तिसऱ्यांदा घेतलं, तेव्हा मी काठी वाळूत रोवली आणि खाली बसलो.

नदीकाठी आम्ही दोघंच होतो. राज्यारोहणाची मिरवणूक चार दिवसांवर आली होती आणि आसवली संस्थानचा मोठा चोपदार, म्हणजे माझे सासरे दौलतबा, आमचे आबा, यांना नव्या राजाचं नाव घेता येत नव्हतं. 'श्रीमंत राजेश्री' इथपर्यंत आवाज असा खणखणीत, की पलीकडच्या काठावर धुणं धुणारी बाई मान वर करून बघायची. आणि त्याच्यापुढे आपोआप 'भगवंतराव अण्णासाहेब'. अण्णासाहेब महाराज जाऊन चौदा महिने झाले होते. आता त्यांचे चिरंजीव निळकंठराव तात्यासाहेब गादीवर बसणार होते. वय बावीस.

आबा विसरले होते असं नाही. नवे महाराज कोण, असं विचारलं तर चिडायचे, मला शिकवतोस व्हय म्हणायचे, आणि नाव बरोबर सांगायचे. पण ललकारी सुरू झाली की अडतीस वर्षांची सवय जिभेचा ताबा घ्यायची. संध्याकाळी बैल आपसूक गोठ्याकडे वळतो, तसं त्यांचं व्हायचं.

चोपदाराचं काम आता कुणाला ठाऊक नाही, म्हणून सांगतो. राजाची स्वारी निघाली की सगळ्यात पुढे आम्ही. मोठ्या चोपदाराकडे चांदीची काठी, धाकट्याकडे पितळी मुठीची. चौकाचौकात स्वारी थांबली की मोठ्या चोपदाराने राजाची सगळी बिरुदं आणि नाव पुकारायचं, ती ललकारी. ती झाल्याशिवाय स्वारी पुढे हलायची नाही. आणि मोठ्याची ललकारी चालू असताना धाकट्याने तोंड उघडायचं नाही, धोतराला आग लागली तरी नाही. फार तर काठी जमिनीवर ठोकायची. सहा वर्षं मी हेच करत होतो, काठी ठोकत होतो.

दुसरी एक रीत होती आमच्याकडे. नवा राजा गादीवर बसला की पहिल्या मिरवणुकीत राजवाड्याच्या देवडीवर शेवटची ललकारी जो देईल, चांदीची काठी त्याच्या घरात. तो राजा जिवंत असेपर्यंत. राहतं घरसुद्धा काठीबरोबरच असायचं. म्हणजे त्या दिवशी आबांची जीभ घसरली, तर काठी गेली, घर गेलं, आणि अडतीस वर्षांची अब्रू गेली. हे आबांना माहीत होतं आणि मलाही.

मग त्या वाळूत बसल्या बसल्या मीच तोड काढली. म्हटलं, आबा, 'श्रीमंत राजेश्री' म्हणून झालं की थांबायचं. दम घेतोय असं दाखवायचं. मी दोन ठोके देईन. दोन ठोके म्हणजे निळकंठराव. ठोके पडल्याशिवाय पुढचा शब्द काढायचा नाही.

आणि काय सांगू, लागू पडलं की! पहिल्या दिवशी दोनदा चुकले, पण दुसऱ्या दिवशी वीस वेळा म्हणायला लावलं, वीसच्या वीस बरोबर. ठोके पडले की जीभ वळायची. आबांच्या चेहऱ्यावरची काळजी उतरली. परत येताना त्यांनी माझं मनगट धरलं.

"येसबा, हे कुणाला सांगू नगंस. हौसालाबी नगं. दाजीपंताच्या कानावर गेलं तर आजच काठी काढून घेतील."

दाजीपंत म्हणजे खासगीचे कारभारी, सगळ्या सोहळ्याची सूत्रं त्यांच्या हातात. आणि हौसा माझी बायको, आबांची एकुलती एक लेक. मी नदीकडे हात करून शब्द दिला, कुणाला सांगणार नाही, ठोकेही चुकवणार नाही. त्या वेळी तो खराच होता, एवढं तरी माझ्या बाजूने मला म्हणू द्या.

मिरवणुकीच्या दिवशी सकाळी मी आबांना पागोटं बांधत होतो. वैशाखाचं ऊन आठ वाजताच चटके द्यायला लागलं होतं. आबा हनुवटी वर करून लहान पोरासारखे बसले होते, खुशीत होते. बोलता बोलता म्हणाले, रंगरावाला सांगावा धाडलाय. त्यानं आता यावं आणि काम शिकून घ्यावं.

रंगराव म्हणजे त्यांच्या मेलेल्या भावाचा मुलगा. एका नाटक कंपनीत पडदे ओढायचा. उभ्या जन्मात त्याने काठीला हात लावला नव्हता. मी विचारलं, काम शिकून घ्यावं म्हणजे काय?

"माझ्यामागं काठी त्याच्याकडंच जायला पायजे रं," आबा म्हणाले. "घराण्याचं नाव हाय. तू गुणाचा हाईस, पर तू पडलास जावई."

बोलण्यात काही वाकडं नव्हतं. भाकरीला मीठ कमी आहे म्हणावं, तसं साधं बोलले. माझ्या हातातला पागोट्याचा पीळ तेवढा घट्ट झाला. "लई आवळलास," असं आबा म्हणाले, तेव्हा मी सैल केला.

मला राग आला. खोटं कशाला सांगू? तीन वर्षं त्यांचा दमा मी झाकला होता. गुडघे धरले की त्यांच्या पाळ्या मी केल्या होत्या. त्या चार दिवसांत त्यांची अब्रू माझ्या काठीवर उभी होती. आणि काठी कुणाला, तर पडदे ओढणाऱ्याला. तरी देवाशपथ सांगतो, तेव्हा माझ्या मनात तसलं काही नव्हतं. राग होता, बस्स. राग घेऊनही माणूस काम करतोच की.

दहा वाजता मिरवणूक निघाली. पुढे उंटावर नगारा, मागे घोडेस्वार, मग बँड, मग आम्ही दोघं, आणि आमच्या मागे गजरा हत्तीण. तिच्या पाठीवर अंबारी, आणि अंबारीत नवे महाराज, जरीच्या अंगरख्यात घामेजलेले. रस्त्यावर पखालीने पाणी मारलं होतं ते घटकेत वाळून गेलं होतं. माड्यांवरून बाया लाह्या उधळत होत्या. गर्दी एवढी, की आसवलीत इतकी माणसं राहतात हे मला त्या दिवशी कळलं.

वाटेत सहा चौक. प्रत्येक चौकात गजरा थांबली की आबांचा हात वर जायचा, छाती फुगायची आणि ललकारी सुटायची. 'श्रीमंत राजेश्री' झालं की आबा थांबायचे, मान जराशी डावीकडे कलती करायचे, माझ्या बाजूला. मी ठोकायचो, ठक ठक. आणि लगेच 'निळकंठराव तात्यासाहेब'. लोकांना ते थांबणंही आवडत होतं. पाचव्या चौकात तर आबांनी वळून मला डोळा मारला. सहा वर्षांत माणूस माझ्याकडे बघून कधी नुसता हसला नव्हता.

सहाव्या चौकात ललकारी झाल्यावर गर्दीतला एक पेढीवाला शेजाऱ्याला म्हणाला, काय आवाज आहे दौलतबाचा, आणि त्या धाकट्याचं बरं आहे, नुसती काठी आपटायची आणि सरकारचं खायचं. भोवतालचे हसले. आबाही हसले. त्यांनी ऐकलं, माझ्याकडे बघितलं आणि हसले. त्यात त्यांचा काही वाईट हेतू नव्हता हे मला आज कळतं.

तिथून देवडी दोनशे पावलांवर होती. त्या दोनशे पावलांत माझ्या मनात काय काय चाललं होतं ते मी पुष्कळदा आठवून बघितलंय. काही ठरवलं होतं का? नाही, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो.

देवडीवर गजरा थांबली. इथली रीत वेगळी. शेवटच्या ललकारीआधी बँड बंद, नगारा बंद. गजराच्या गळ्यातली घंटासुद्धा माहुताच्या माणसाने मुठीत धरली. समोर पायऱ्यांवर सुवासिनी आरत्या घेऊन उभ्या. वरच्या सज्जात चिकाच्या पडद्याआड राणीसाहेब, म्हणजे तात्यासाहेबांच्या आई. वर्ष-सव्वा वर्षापूर्वीच कुंकू पुसलेलं, म्हणून त्या पुढे आल्या नव्हत्या. सगळीकडे अशी शांतता, की आरत्यांच्या वाती तडतडताना ऐकू येत होत्या.

आबांनी हात वर केला. त्या दिवशीचा तो आवाज मी पुन्हा ऐकला नाही, कुणाचाच. बिरुदांमागून बिरुदं आली. मग 'श्रीमंत राजेश्री'. आबा थांबले आणि त्यांनी मान डावीकडे कलती केली.

माझी काठी जमिनीपासून वीतभर वर होती. मी ती तिथेच धरून ठेवली.

आबा वाट बघत राहिले. त्यांच्या मानेवरची शीर मला दिसत होती, कानामागून घामाचा ओघळ येत होता. छाती भरलेली, तोंड अर्धं उघडं. त्यांनी मान आणखी थोडी माझ्याकडे झुकवली. त्यांच्याकडून झालं तेवढं ते थांबले, हे मी आज शपथेवर सांगेन. मी एकदा काठी सोडली असती, नुसती हातातून गळू दिली असती, तरी भागलं असतं. शेवटी त्यांचा दम पुरेना आणि आवाज फुटला.

"भगवंतराव अण्णासाहेब..."

वरच्या सज्जातून राणीसाहेबांचा हुंदका आला. सुवासिनींच्या हातातली ताटं खाली झाली. नव्या राजाच्या उंबऱ्यावर मेलेल्या राजाचं नाव. याच्याहून मोठा अपशकुन त्या काळी दुसरा नव्हता. महाराज अंबारीत ताठ बसले होते आणि आपल्या हातांकडे बघत होते. दाजीपंतांचा चेहरा पांढराफटक पडला.

आणि मी पुढे झालो. मी एका दमात सगळी ललकारी म्हटली, बिरुदं, नाव, शेवटपर्यंत. माझा आवाज लागला होता. म्हणता म्हणता तो माझा मलाच आवडला, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बँड सुरू झाला, आरत्या वर आल्या, लोक जयजयकार करायला लागले. दाजीपंतांनी आबांच्या हातातली चांदीची काठी धरली. आबांनी ओढाताण केली नाही. त्यांनी काठीच्या मुठीला कपाळ लावलं आणि सोडली. दाजीपंतांनी ती माझ्या हातात दिली आणि आबांना सांगितलं, की इथून पुढे देवडीच्या आत पाऊल टाकायचं नाही.

"चूक माझी हाय सरकार," आबा म्हणाले. "पोरानं वेळ राखली."

दिवेलागणीला घरी आम्ही दोघं पुढच्या सोप्यात बसलो होतो. मी त्यांचं पागोटं उतरवत होतो, सकाळी बांधलेलं तेच. आबांनी खाली बघत विचारलं,

"ठोकं दिलं व्हतंस का रं तू?"

त्या वेळी खरं बोललो असतो तर काय झालं असतं? दोन शिव्या खाल्ल्या असत्या. काठी परत गेली नसती, कारण रीत ती रीत. आबांची मान तरी वर राहिली असती. पण त्यांच्या त्या विचारण्यात नुसती शंका होती, आरोप नव्हता, आणि मला पळायला वाट दिसली.

"दिलं व्हतं आबा," मी म्हणालो. "दोन्ही दिलं. तुमालाच ऐकू न्हाई आलं."

आबांनी कानाला हात लावून बघितला. मग मान हलवली.

"कान गेलं म्हणायचं," ते म्हणाले.

त्यांनी विश्वास ठेवला! एवढ्या शांततेत, जिथं वाती तडतडलेल्या ऐकू येत होत्या, तिथं त्यांनी स्वतःच्या कानांपेक्षा माझ्या तोंडावर विश्वास ठेवला. हौसा पाणी घेऊन आली तेव्हा आबांनी तिलाही सगळं सांगून टाकलं, नदीकाठची तालीम, दोन ठोक्यांची खूण, सगळं. येसबानं त्याचं काम केलं पोरी, माझंच कान फुटलं, असं म्हणाले. हौसा रडली. रात्री तिने मला गरम भाकरी वाढली, वर तुपाची धार धरली आणि म्हणाली, तुम्ही होता म्हणून घर तरी राहिलं. तो घास मी गिळला.

त्या दिवसापासून आबा बहिरे झाले. खरंच सांगतो. कुणी बोललं की कानाशी हात न्यायचे, "आं? मोठ्यानं बोल," म्हणायचे. देवळातल्या कीर्तनाला जाणं सोडलं. आपल्याला ऐकू येत न्हाई तर दुसऱ्याची जागा कशाला अडवा, म्हणायचे. गल्लीतले लोक त्यांच्याशी ओरडून बोलायला लागले, मग बोलेनासेच झाले. हौसाचा आवाज मुळात किती हलका! जात्यावर बसली तर शेजारणीला तिची ओवी ऐकू जायची नाही. ती दिवसभर बापाशी ओरडून ओरडून बोलायची आणि संध्याकाळी तिचा घसा बसलेला असायचा. मी चांदीची काठी चिंच लावून घासायचो आणि ऐकत बसायचो.

सांगावा मिळूनही रंगराव आला नाही. पुढे एकदा बाजारात भेटला, तेव्हा मीच चाचरत काठीचा विषय काढला. तो हसला. म्हणाला, ती काठी घेऊन मी काय करणार होतो दाजी, म्हातारा उगाच मागे लागला होता.

नऊ वर्षं मी मोठा चोपदार होतो. दसरा, जयंत्या, पाहुण्यांच्या स्वाऱ्या, सगळीकडे माझी ललकारी. चुकलो नाही कधी. मग संस्थान विलीन झालं. महाराजांनी काठी आणि राहतं घर मलाच देऊन टाकलं. घर आमच्या नावावर झालं आणि त्याच पावसाळ्यात आबांनी अंथरूण धरलं.

अंगाबरोबर त्यांचं मनही सैल झालं होतं. हौसाला ते आपल्या आईच्या नावाने हाक मारायचे. आणि एका सकाळी, मी सोप्यात काठी पुसत असताना, त्यांनी पडल्या पडल्या उजवा हात वर केला. आवाज उरला नव्हता, नुसती घरघर होती, पण एक बिरुद चुकलं नाही. "श्रीमंत राजेश्री..." आणि थांबले. मान डावीकडे कलती केली.

मी जागचा हललो नाही. ते तसेच थांबून राहिले, तोंड अर्धं उघडं, छाती वर आलेली, आणि त्यांचा श्वास कोंडायला लागला. मग मी धडपडत गेलो आणि बाजेच्या खुराला बोटाने ठोकलं. ठक ठक. फार हळू, हौसाला ऐकू जाऊ नये म्हणून.

"निळकंठराव तात्यासाहेब," आबा म्हणाले. आणि असे हसले, की पाचव्या चौकातला त्यांचा चेहरा मला दिसला.

मग हे रोजचंच झालं. सकाळी हौसा आडावर गेली की मी बाजेपाशी जाऊन बसायचो. ते थांबायचे, मी ठोकायचो, ते नाव घ्यायचे. कधीकधी दिवसातून चार वेळा. त्यांची मिरवणूक अजून चालूच होती, आणि देवडी काही यायची नव्हती. मला वाटायचं, होऊ दे, एवढं तरी माझ्या हातून नीट होतंय. दोन महिने असे गेले.

एका सकाळी ठोकून झालं, नाव घेऊन झालं, आणि मी वर बघितलं तर मधल्या दारात हौसा उभी होती. हातात पेजेची वाटी. किती वेळ उभी होती, देव जाणे. ती माझ्या बोटाकडे बघत होती, मग बाजेच्या खुराकडे, मग आबांकडे. आबांची पाठ तिच्याकडे होती.

ती पुढे आली नाही. उंबऱ्यातूनच, एवढ्याशा आवाजात, स्वतःशी बोलावं तशी म्हणाली,

"आबा, पेज आणलीया."

"ठिव तितं," आबा मान न वळवता म्हणाले. "निवू दे जरा."

हौसाने वाटी खाली ठेवली. ठेवताना थोडी पेज सांडली. मग तिने माझ्याकडे बघितलं.

"त्या दिवशी ठोकं दिलं व्हतं का तुम्ही?"

कोपऱ्यात चांदीची काठी उभी होती, नुकतीच घासलेली. मी काठीकडेच बघत राहिलो. हौसा उत्तरासाठी थांबली, आबा थांबायचे तशीच, आणि मी तिलाही तसंच थांबवून ठेवलं. मग तिने पदराने सांडलेली पेज पुसली आणि बापाच्या डोक्याशी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी तीच बाजेपाशी बसायला लागली. आबा थांबले की ती ठोकायची. मला त्या बाजूला तिने येऊ दिलं नाही. आबा पुढे सव्वा महिना जगले, आणि तेवढे दिवस ती त्यांच्याशी अगदी हळू बोलली, लहानपणी बोलत असेल तशी.

माझ्याशी बोलताना मात्र तिचा आवाज चढला. जेवायला चला म्हणायचं असलं तरी ओरडून सांगते, समोरच्याला ऐकू येत नाही असं धरून. सुना म्हणतात, मामंजींचे कान चांगले आहेत की, आत्याबाई एवढ्या मोठ्याने का बोलतात? मी म्हणतो, सवय आहे तिची. त्याला आता एकतीस वर्षं झाली.